इलामचे सात पेपर

कल्पिता मढवी आमच्या ऑफिसात आली ती २०१२ साली, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी. कारखानीस सरांनी तिला माझ्या शेजारचं टेबल दिलं आणि म्हणाले, "आनंद, यांना काम समजावून सांगा." मी समजवायला घेतलं आणि पाऊण तासात माझ्या लक्षात आलं, की हिला ते माझ्यापेक्षा बरं कळलंय.

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली बेअरिंगचं गोडाऊन, वर आम्ही चौदा जण. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, भूतान, मालदीव, या सगळ्या शेजाऱ्यांकडचे प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ वर्षभरात जे शोधनिबंध छापतात त्यांची मोजदाद करायची, हे आमचं काम. शोधनिबंध हा शब्द अहवालात. आम्ही आपसात पेपरच म्हणायचो. कुठल्या देशाने किती छापले, कुठल्या विषयात, इतरांनी त्यांचा किती आधार घेतला, हे सगळं मांडून दर दोन वर्षांनी एक जाडजूड तुलनात्मक अहवाल निघायचा. सरकारी खाती, विद्यापीठं, परदेशी देणगीदार संस्था तो घ्यायच्या आणि त्यावरून कोणाला काय द्यायचं ते ठरवायच्या. ते पुढे काय ठरवतात हे आम्हाला सहसा कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारायचोही नाही.

कल्पिता मूळची मोहन्याची, माहेरची केणे. वडील रेयॉन कंपनीत होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिने पीएच.डी.ला नाव घातलेलं. चौदा महिने ती उल्हास नदीवर बाटल्या घेऊन जायची, एक नमुना गावाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. त्यावर तिचे दोन पेपर छापून आले. मग गाईड निवृत्त झाले. नवे गाईड म्हणाले, विषय बदला. त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं, आणि ते राहिलं ते राहिलंच. नवरा सुशांत वीज कंपनीत, सबस्टेशनला. घर आंबिवलीला. वडील गेल्यावर आईलाही तिने तिथेच आणलेलं.

आमच्या यादीत ते दोन पेपर "कल्पिता केणे" या नावावर होते. "कल्पिता मढवी" या नावावर काही नव्हतं. मी एकदा म्हटलं, "जोडून टाक की. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुझ्याच हातात आहे."

"राहू दे रे," ती म्हणाली, "ती बाई वेगळी होती." आणि हसली. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

एकदा तिच्याकडे सत्यनारायणाला गेलेलो तेव्हा तिच्या आईने, सखुबाईंनी, मला समोर बसवून घेतलं. "तुमी दोगं हापिसात कागद मोजताव, असा ही सांगते. खरा हाय?"

"कागद नाय गं आये," कल्पिता आतून म्हणाली, "कोणत्या देशाने किती संशोधन केलं ते."

"मंग कोन जिकला?"

"भारतच. दर वेळी. आपण केवढे मोठे आहोत!"

"दर येली तोच जिकतो, तं मोजता कशाला?"

आम्ही हसलो. त्या प्रश्नाला उत्तर होतं, ते कल्पितालाच माहीत होतं. भारताच्या आकड्यात तिला रस नव्हताच. लाखावर पेपर असलेल्या देशाचे शंभर इकडेतिकडे झाले तर कोणाला काय? तिचा जीव अडकलेला असायचा लहान देशांत. भूतानचा एक पेपर चुकला तरी ती अस्वस्थ व्हायची. म्हणायची, "त्यांच्याकडे आहेतच किती!"

आमच्या कामातली खरी कटकट पत्त्यांची. पेपरवर लेखकाच्या नावाखाली पत्ता असतो, पण कितीतरी जण देशाचं नाव लिहीतच नाहीत. नुसतं कॉलेज आणि गाव. मग तो पेपर कुठल्या देशाच्या खात्यात टाकायचा? त्यासाठी कल्पिताने एक यादी बनवली. डाव्या बाजूला गाव, उजव्या बाजूला देश. तिला आम्ही "गाववही" म्हणायचो. नऊ हजारांच्या वर गावं होती तिच्यात. वहीत एकदा देश लिहिला, की त्या गावचे सगळे बिनदेशाचे पेपर कॉम्प्युटर आपोआप तिकडे ढकलायचा.

हैदराबाद दोन आहेत, एक आपलं आणि एक सिंधमधलं, हे तिने पहिल्याच वर्षी पकडलं. तोवर सिंधच्या हैदराबादकडचे शेतीवरचे पेपर आम्ही बिनधास्त भारताच्या नावावर मांडत होतो. कॉलेजवार यादीतला, बंगालमधलं कल्याणी आणि आमचं कल्याण यांचा घोळही तिनेच सोडवला. हे असं काही सापडलं की तिचा चेहरा फुलायचा. ऑफिसात व्हेनेसा म्हणून एक मुलगी होती, आलेख काढायची, कोलशेतची. ती तिला "पोस्टमास्तरीण" म्हणायची. चुकलेलं पत्र योग्य घरी पोचवते म्हणून.

२०२१ चा अहवाल डिसेंबरात निघाला. पुढच्या मार्चमध्ये ऑफिसच्या सामाईक मेलवर एक पत्र आलं. तो मेल बघायची पाळी दर दोन महिन्यांनी बदलायची आणि तेव्हा माझी होती. इंग्रजीत, अतिशय नम्र पत्र. पाठवणाऱ्या बाईचं नाव यमुना निरौला, नेपाळमधल्या इलाम या डोंगरी भागातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तिचं म्हणणं, गेल्या पाच वर्षांत तिच्या कॉलेजातून अकरा पेपर छापले गेले आणि तुमच्या अहवालात चारच दिसतात. खाली उरलेल्या सातांची नावं तिने ओळीने दिली होती.

अशी पत्रं महिन्याला पंधरा-वीस यायची. प्रत्येकाला वाटायचं आपले पेपर कमी धरले. त्यांतल्या बहुतेकांची तक्रार खोटी निघायची. मी आमचं ठरलेलं उत्तर पाठवलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, पुढील आवृत्तीत विचार केला जाईल. बारा दिवसांनी तिचं दुसरं पत्र आलं. मी तेच उत्तर पुन्हा पाठवलं. सात नावांपैकी एकही मी शोधून बघितलं नाही. हे मी आज लिहितोय, पण बराच काळ हे मी कल्पितालाही नीट सांगितलं नव्हतं.

तिसरं पत्र देवनागरीत होतं. नेपाळी वळणाचं हिंदी. दोनच ओळी. तिथे कोणी माणूस आहे का? असेल तर एकदा माझ्याशी बोला. खाली फोन नंबर.

मी खुर्ची मागे घेऊन म्हटलं, "कल्पिता, बघ गं जरा. नेपाळची बाई आहे, पिच्छा सोडत नाहीये."

तिने पहिलं पत्र उघडलं, त्यातलं पहिलं नाव घेतलं आणि शोधलं. पेपर आमच्याकडे होता. पत्त्यात लिहिलं होतं, वनस्पतिशास्त्र विभाग, कॉलेजचं नाव, इलाम. नेपाळ हा शब्द नव्हता. आणि शेजारच्या देशाच्या रकान्यात होतं, इराण.

इराणातही इलाम नावाचं शहर आहे. तिथून दर वर्षी शेकड्यांनी पेपर निघतात. इराण आमच्या शेजारी देशांच्या यादीतच नव्हता, त्यामुळे तिकडे गेलेला पेपर आमच्या अहवालातून गळूनच पडायचा. तो कोणाच्याच नावावर लागायचा नाही.

कल्पिताने सातही नावं तपासली. सातही इराण. मग तिने गाववही उघडली. प्रत्येक गावापुढे ते कोणी लिहिलं आणि कधी, याची नोंद असायची. इलामच्या पुढे होतं, इराण, १९ ऑगस्ट २०१६, क. म.

तिने त्या ओळीवर बोट टेकवलं.

"आनंद," ती म्हणाली, "हे मी केलंय."

"काय केलंयस?"

"त्या दिवशी दोनेकशे गावं लिहिली असतील मी. इलामला सगळे पेपर इराणचे दिसले. म्हटलं, इराण. संपलं." तिने बोट स्क्रीनवर तसंच ठेवलं होतं. "दोन हैदराबादं मला दिसली. हे नाही दिसलं."

त्याच दुपारी जिन्यात उभं राहून तिने यमुनाला फोन लावला. मी बाजूला होतो. खाली गोडाऊनमध्ये ट्रक रिकामा होत होता, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. "मी ठाण्याहून बोलतेय. तुमचं बरोबर आहे. चूक आमची आहे. माझी आहे." पलीकडची बाई म्हणे रडायला लागली. कल्पिताला वाटलं रागाने. पण ती म्हणाली, "दिदी, गेले चार महिने सगळे मला सांगतायत की मीच खोटं बोलते."

हळूहळू सगळं कळलं. यमुना तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. कॉलेजात दर वर्षी नव्या करारावर. तिकडे शेतकऱ्यांचं मुख्य पीक मोठी वेलची, आपण मसाल्यात घालतो ती काळी. तिच्यावर फुर्के नावाचा रोग पडतो. झाडाला बुडाशी बारीक बारीक फुटव्यांचा झुपका येतो आणि मग वेलची धरतच नाही. मळेच्या मळे असे वांझ होतात. यमुना नऊ वर्षं गावोगाव हिंडून, सगळा मळा बसला तरी टिकून राहिलेली झाडं शोधत होती. अशा एकसष्ट झाडांचे कंद आणून तिने कॉलेजच्या मागच्या उतारावर लावलेले. त्यांतली कोणती खरंच रोगाला दाद देत नाहीत, ते तपासायला प्रयोगशाळा लागणार होती. एका देणगीदार संस्थेची योजना होती, डोंगरी भागातल्या निवडक कॉलेजांना वनस्पतिरोगांची प्रयोगशाळा आणि तिच्याबरोबर एक कायमची जागा. अट एवढीच, की गेल्या पाच वर्षांत किमान दहा पेपर हवेत. मोजणार आमच्या अहवालावरून. तिचे अकरा होते, आमच्याकडे चार. अपील करायची मुदत पंधरा जून.

"मला फक्त एक पत्र द्या," ती म्हणाली, "की अकरा आहेत."

कल्पिता दुसऱ्या दिवशी सकाळीच कारखानीस सरांच्या केबिनमध्ये गेली. मलाही घेऊन गेली. सर वाईट माणूस नव्हते. ठाण्यातले जुने, संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आकडा चुकला तर जेवण न जाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक झालेली आहे, हे मान्य. पण एका बाईंचे सात पेपर हलवले आणि पत्र दिलं, तर उद्या बांगलादेशातले दोनशे जण उभे राहतील. त्यांना काय सांगू? तपासायचं तर इलामचे सगळे पेपर तपासा. मग ते समितीपुढे ठेवू, समितीने मान्य केलं की पत्र."

"समिती कधी बसते सर?"

"जूनअखेर."

"त्यांची मुदत पंधरा जूनला संपते."

"कल्पिता, आपण मोजतो. कोणाला काय मिळावं हे आपण ठरवत नाही."

"ठरवतो की सर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ठरवून झालंय आपलं. तिचं नाव कापून झालंय."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. म्हणाले, समिती लवकर बोलवायचा प्रयत्न करतो. त्यांनी तो केलाही. पण समितीत पाच शहरांतले पाच विद्वान, कोणी परदेशात, कोणाची परीक्षा.

इलामचे तेवीसशे पेपर होते. कल्पिता रोजचं काम संपवून साडेपाचला त्यांना हात घालायची, आणि शनिवारी दिवसभर. एकेक पेपर उघडून लेखकांची नावं, आभार, कुठली झाडं, कुठली माती, कुठली नदी, यावरून देश ओळखायचा. मी मदत करायचो, पण ती माझेही पुन्हा तपासायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात हिशोब लागला. तेवीसशेमधले सदतीस नेपाळचे. सात यमुनाच्या कॉलेजचे, तीस इतरांचे. त्या तीस पेपरांच्या लेखकांनी कधी पत्र लिहिलंच नव्हतं.

समितीची तारीख ठरली, अठ्ठावीस जून.

तेराच्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "मी माझ्या नावाने त्या देणगीदार संस्थेला पत्र पाठवते. ऑफिसचं नाही म्हणून सांगते. चूक मी केली, ती अशी अशी झाली, हे पुरावे, सही. तू पण सही करशील? दोघांची असली तर जरा वजन पडेल."

माझ्या मुलीचं त्या वर्षी इंजिनीअरिंगचं अ‍ॅडमिशन होतं. मी म्हटलं, सरांना कळलं तर कठीण होईल. ती म्हणाली, "हो, ते पण आहे." आपल्या एकटीच्या सहीने तिने पत्र पाठवलं.

चार दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. पत्र अधिकृत नसल्याने विचारात घेता येत नाही. प्रत कारखानीस सरांना. सरांनी तिला लेखी समज दिली. अठ्ठावीसला समिती बसली आणि वीस मिनिटांत दुरुस्ती मान्य झाली. पत्र गेलं. मुदत संपून तेरा दिवस झाले होते.

प्रयोगशाळा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजला मिळाली. यमुनाच्या कॉलेजने त्या जागेच्या भरवशावर तिचा करार चालू ठेवला होता. ऑक्टोबरात तो वाढवला नाही. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा कल्पिता डबा खात होती. तिने डबा झाकला आणि ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "आणि झाडं?" पलीकडून काय उत्तर आलं ते तिने मला नंतर सांगितलं. कॉलेजच्या मागच्या उतारावर मुलींचं वसतिगृह होणार होतं. यमुनाने काही कंद ओळखीच्या शेतकऱ्यांना वाटले, पण कुठलं झाड कुठल्या गावचं, त्याच्या पाट्या मजुरांनी आधीच उपटून ढिगात टाकलेल्या. पाटी गेल्यावर ती झाडं शास्त्राच्या दृष्टीने नुसती झाडं उरली.

त्या दिवसांत मी एकदा आंबिवलीला तिच्या घरी गेलेलो. सखुबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, पण कान तिखट. लेक जेवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं.

"काय झयला गो तुला? कोनी काय बोलला?"

कल्पिताने त्यांना कळेल असं सगळं सांगितलं. दोन गावं, एकच नाव. एका बाईचं काम मी चुकून दुसऱ्याच मुलखात टाकलं, आणि तिची नोकरी गेली.

"तू जानून केलास?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय, आये. झालंच ना."

सखुबाईंनी तिचा हात धरला आणि धरून ठेवला. मग सुशांत चहा घेऊन आला आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

पुढच्या वर्षी यमुना आणि तिचा नवरा पोर्तुगालला गेले. तिकडे समुद्रकाठी प्लास्टिकच्या छपराखाली मैलोन्‌मैल रासबेरीची शेती आहे आणि तोडणीला नेपाळची बरीच माणसं आहेत, असं ती म्हणाली. कल्पिताने ते मला सांगितलं तेव्हा मला आधी अर्थच लागला नाही. मी विचारलं, "कुठल्या विद्यापीठात?"

"विद्यापीठ नाही रे," ती म्हणाली. "तोडणीला."

२०२३ चा अहवाल डिसेंबरात निघाला. त्यात दुरुस्ती होती. नेपाळच्या आकड्यात सदतीसची भर पडली होती. क्रमांक होता तोच राहिला, आणि टक्केवारी दशांशाच्या पहिल्या घरापर्यंत जशीच्या तशी. पत्रकारांनी नेहमीप्रमाणे भारत आणि पाकिस्तानची तुलना केली. कॉलेजांच्या यादीत यमुनाच्या कॉलेजपुढे, २०१६ ते २०२० या पाच वर्षांसाठी, आता अकरा असं छापलेलं होतं. कल्पिताने त्या पानाचा फोटो तिला पाठवला. दोन दिवसांनी यमुनाचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, दिदी, नवऱ्याला दाखवलं, त्याने मोबाईलवर ठेवून घेतलंय. खाली एक हात जोडलेलं चित्र.

त्यानंतर कल्पिताने तीन गोष्टी केल्या. सामाईक मेल बघायची पाळी बंद करून ते काम कायमचं स्वतःकडे घेतलं. सरांनी तिला विभागप्रमुख करायचं ठरवलं होतं, ते तिने नाकारलं. आणि गाववही पहिल्यापासून पुन्हा तपासायला घेतली, नऊ हजार गावं. रोज तीस-चाळीस. मी म्हणायचो, एवढं कोणी करत नाही. ती मान हलवायची आणि पुढचं गाव घ्यायची. त्यात आणखी अकरा चुका निघाल्या. त्या कोणाला किती महाग पडल्या, हे कळायला मार्ग नव्हता. त्या गावांतून कोणाचं पत्र आलेलं नव्हतं, किंवा आलंही असेल आणि माझ्यासारख्या कोणीतरी ठरलेलं उत्तर पाठवलं असेल.

एका संध्याकाळी, आम्ही दोघंच उरलेलो असताना, मी तिला त्या दोन उत्तरांचं सांगितलं. मार्चमध्येच यमुनाचं पत्र नीट वाचलं असतं तर आणखी तीन आठवडे मिळाले असते, हेही सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मेलवर तारखा असतात, आनंद."

२०२५ च्या अहवालासाठी आकडे भरायला घेतले तेव्हा यमुना निरौला या नावापुढे शेवटच्या दोन वर्षांत शून्य आलं. कल्पिताने ते हाताने पुन्हा शोधलं. मग पोर्तुगालचे पत्ते लावून शोधलं. मग आडनावाचं स्पेलिंग चार प्रकारांनी लिहून शोधलं. मी शेजारून बघत होतो. तिने शेवटी ते शून्य कायम केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि पर्स उचलली. त्याच महिन्यात सखुबाई गेल्या. दिवसकार्य झाल्यावर ती परत आली ती राजीनामा घेऊनच.

आता ती डोंबिवलीला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. पगार निम्मा. गेल्या महिन्यात मी मुद्दाम भेटायला गेलेलो. पांढऱ्या कोटात होती, केस बरेच पिकलेले. लाकडी टेबलांवर ती ब्युरेटच्या काचेच्या नळ्या लावत होती, प्रत्येकीचा कॉक फिरवून गळते का बघत होती. मला स्टुलावर बसवून तिने काम चालूच ठेवलं.

यमुनाची खबर विचारली तर तिने ओले हात कोटाला पुसून मोबाईल काढला. एक फोटो होता, रासबेरीचं पान, कडांना पिवळं, मध्ये राखाडी ठिपके. "मागच्या आठवड्यात पाठवलं तिने. म्हणाली, हा नेहमीचा रोग नाहीये, ठिपक्यांचा आकार वेगळा आहे, आणि एका बाजूच्याच ओळींवर आहे, म्हणजे वाऱ्याने येत असणार. तिने चार ओळी मोजून पण ठेवल्यात."

"मग लिहायला सांग ना तिला."

"सांगितलं. मी म्हटलं, छोटं टिपण लिही, मी छापायला मदत करते." कल्पिताने फोटो बोटांनी मोठा केला आणि बघत राहिली. "ती म्हणाली, पत्ता काय लिहू दिदी? कॉलेज नाही, लॅब नाही. शेताच्या मालकाचं नाव घालू?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, पान तरी जपून ठेव. वहीत दाबून ठेव." तिने मोबाईल खिशात टाकला. "पण मुकादमाने तोवर त्या सगळ्या ओळी उपटून जाळायला लावल्या होत्या. तिलाच. फोटो काढेपर्यंतच वेळ मिळाला म्हणे."

बाहेर मुलींच्या बोलण्याचा आवाज यायला लागला, प्रॅक्टिकलची बॅच येत होती. कल्पिता म्हणाली, "चहा घेऊन जा, खाली कॅन्टीन बरं आहे," आणि उरलेल्या दोन ब्युरेट भरायला वळली.